दोर-कप्पीचा जाणकार कोण? पेटंट महानियंत्रकांना रत्नागिरीहून खुलं पत्र

प्रति,
मा. महानियंत्रक,
पेटंट, अभिकल्प आणि व्यापारचिन्हे,
बौद्धिक संपदा भवन, अँटॉप हिल, मुंबई

सविनय नमस्कार.

मी रत्नागिरीत मेकॅनिकलच्या मुलांना थिअरी ऑफ मशिन्स शिकवतो. शस्त्रक्रियेच्या रोबोटिक उपकरणांमध्ये जी यांत्रिक चालन-यंत्रणा असते, तिच्यावरचे पेटंट अर्ज आपल्याकडे येतात. त्यांच्या परीक्षणाबद्दल हे पत्र आहे. मागणी एकच आहे, ती आधीच सांगून टाकतो. असा अर्ज तपासताना ‘त्या विषयातली कुशल व्यक्ती’ म्हणून आपल्या परीक्षकाने कोणाला डोळ्यांपुढे धरलं, हे परीक्षण अहवालात स्पष्ट लिहिलं जावं. आणि ती व्यक्ती म्हणून केवळ शस्त्रक्रियेच्या उपकरणांचा जाणकार न धरता, दोर, कप्पी, गिअर आणि स्क्रू यांच्यात हयात घालवलेला यंत्रज्ञ धरला जावा.

कायद्याच्या दृष्टीने ही बाब लहान नाही. पेटंट अधिनियम १९७० च्या कलम २(१)(जेए) मध्ये इन्व्हेंटिव्ह स्टेपची व्याख्या आहे. अस्तित्वात असलेल्या ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती हवी किंवा आर्थिक महत्त्व हवं, आणि शिवाय तो शोध त्या विषयातल्या कुशल व्यक्तीला सहज सुचणारा नसावा. म्हणजे सगळा निवाडा शेवटी या काल्पनिक माणसाच्या डोक्यात काय आहे यावर ठरतो. त्या डोक्यात फक्त ऑपरेशन थिएटर असेल, तर शंभर वर्षांची जुनी कप्पीसुद्धा पोटात शिरली म्हणून नवी ठरेल.

हे पत्र वाचणाऱ्या सगळ्यांनी असं उपकरण पाहिलेलं नसेल, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. रोबोटच्या हाताला जे अवजार बसवतात ते म्हणजे साधारण अर्धा मीटर लांबीची एक बारीक नळी. दा विंची या सर्वांत रुळलेल्या यंत्रात तिचा व्यास बहुधा ८ मिलिमीटर असतो. नळीच्या टोकाला एक मनगट आणि त्याला दोन जबडे. मागच्या बाजूला एक डबी, आणि त्या डबीच्या तळाशी फिरणाऱ्या चकत्या. या यंत्राच्या सुरुवातीच्या पिढ्यांमध्ये अशा चार चकत्या होत्या: एक नळी स्वतःभोवती फिरवायला, एक मनगट वाकवायला, आणि दोन जबड्यांसाठी एकेक. मोटर उपकरणात नसते, ती रोबोटच्या हातात असते. मध्ये निर्जंतुक पडदा आणि त्यातला जोड. मोटरने चकती फिरवली की डबीतल्या छोट्या रिळावर बारीक तार गुंडाळली जाते. ती तार नळीतून पुढे जाते, मनगटातल्या कप्प्यांवरून वळते आणि जबडा हलतो. सर्जनच्या बोटांची हालचाल रुग्णाच्या पोटापर्यंत पोचते ती अशी, तारेच्या ओढीतून. संगणक, कॅमेरा, पडदा हे सगळं भोवती आहेच, पण शेवटचं काम दोर आणि कप्पी करतात.

आणि दोर-कप्पीचं ज्ञान शस्त्रक्रियेच्या दालनात जन्मलेलं नाही. मिरकरवाडा बंदरात विंचच्या ड्रमवर दोराचे वेढे टाकून खलाशी एका हाताने दोराचं मोकळं टोक धरतो आणि पलीकडे भरलेलं जाळं वर येतं. त्या खलाशाने समीकरण पाहिलेलं नसतं, पण समीकरण आहे, आणि ते अठराव्या शतकात ऑयलरने मांडलं. घर्षणांक ०.२ धरला तर एका वेढ्यात ताण साडेतीनपट होतो, तीन वेढ्यांत सुमारे त्रेचाळीसपट. उपकरणाच्या डबीतलं रीळ नेमकं हेच करतं. तार रिळावरून घसरू नये यासाठी किती वेढे हवेत, याचं गणित दोन्हीकडे एकच आहे. असं असताना ‘तार रिळावर एकाहून अधिक वेळा गुंडाळलेली असणे’ हे एखाद्या दाव्याचं (म्हणजे हक्क नेमका कशावर हवा ते सांगणाऱ्या अर्जातल्या वाक्याचं) वैशिष्ट्य म्हणून मांडलं गेलं, तर ते कोणाला सहज सुचण्यासारखं आहे? पोटाच्या सर्जनला कदाचित नाही. माझ्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मात्र नक्की.

इतिहासही हेच सांगतो. अर्नेस्ट बाउडन यांनी आवरणातून जाणाऱ्या तारेचं पेटंट १८९६ मध्ये घेतलं. आज ती तार असंख्य सायकलींच्या ब्रेकमध्ये आहे. १९४० चं दशक संपता संपता अमेरिकेतल्या अरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत रेमंड गोर्ट्झ यांनी किरणोत्सारी पदार्थ हाताळण्यासाठी यांत्रिक हात तयार केले. जाड भिंतीच्या अलीकडे माणूस मूठ हलवायचा, पलीकडे चिमटा हलायचा, आणि मध्ये पोलादी दोर आणि कप्प्या. दूरून शस्त्रक्रिया करण्याच्या कल्पनेचा हा सरळ पूर्वज आहे. मग १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला केनेथ सॅलिस्बरी यांनी तीन बोटांचा रोबोटिक हात तयार केला. त्यात प्रत्येक बोटाच्या तीन सांध्यांसाठी चार तारा होत्या, कारण तार ओढू शकते, ढकलू शकत नाही, म्हणून सांध्यांपेक्षा किमान एक तार जास्त लागते. याच सॅलिस्बरी यांनी पुढे एमआयटी या अमेरिकी तंत्रज्ञान संस्थेत अखिल मधानी यांच्यासोबत शस्त्रक्रियेच्या अवजाराचं तारांवर चालणारं मनगट घडवलं आणि त्यांना अमेरिकेत १९९८ मध्ये पेटंट मिळालं. दा विंची यंत्राला एफडीए या अमेरिकेच्या औषध आणि वैद्यकीय उपकरण नियामक संस्थेची मान्यता २००० साली मिळाली.

या क्रमाकडे लक्ष द्यावं अशी माझी विनंती आहे. या क्षेत्राचा पाया ज्यांनी घातला ते सर्जन नव्हते, रोबोटच्या बोटांवर काम करणारे यंत्रज्ञ होते. मग आपल्या परीक्षणातली कुशल व्यक्ती त्यांच्याहून कमी जाणकार का असावी?

आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाचा पाया डिसेंबर १९७८ मध्येच घालून ठेवला आहे. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज हा तो खटला. विषय होता भांडी लेथवर पकडून ठेवण्याच्या साधनाचा. न्यायालयाने म्हटलं की जुन्या वस्तूत केलेली सुधारणा ही नुसत्या कारखान्यातल्या सुधारणेहून अधिक असली पाहिजे, आणि ते पेटंट टिकलं नाही. म्हणजे भारतातला इन्व्हेंटिव्ह स्टेपचा सर्वांत महत्त्वाचा निकाल एका लेथच्या जोडणीवर उभा आहे. यांत्रिक शोधांच्या बाबतीत आपल्याला परदेशातून कसोटी आणायची गरज नाही. पुढे २०१५ मध्ये रोश विरुद्ध सिप्ला प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने या कसोटीच्या पायऱ्या मांडल्या, आणि त्यांतली पहिली पायरी आहे ती कुशल व्यक्ती कोण हे ठरवणं. माझी मागणी त्या पहिल्या पायरीपुरतीच आहे. ती मनातल्या मनात ओलांडली जाऊ नये, कागदावर यावी.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी, नाहीतर या पत्राचा अर्थ उलटा लावला जाईल. मी पेटंटच्या विरोधात नाही. या यंत्रणांमध्ये खरेखुरे, कष्टाने लागलेले शोध आहेत आणि त्यांना हक्क मिळालाच पाहिजे. उदाहरण घर्षणाचंच घेतो. तार न फिरणाऱ्या गुळगुळीत खुंटीवरून ९० अंशांत वळवली आणि घर्षणांक तोच ०.२ धरला, तर त्या एका वळणावर सुमारे २७ टक्के ओढ वाया जाते. अशी दोन वळणं झाली की जबड्यापर्यंत जेमतेम निम्मी ओढ पोचते. शिवाय ती कमीजास्त होत राहते, त्यामुळे जबडा ऊतीला किती दाबतो आहे याचा अंदाज मोटरच्या बाजूने लागत नाही. खुंटीच्या जागी फिरती कप्पी बसवली की नुकसान खूप घटतं. पण ८ मिलिमीटरच्या नळीत सगळ्या तारांना पुरतील इतक्या फिरत्या कप्प्या बसवायच्या कुठे? कप्पी लहान करावी तर तार तिच्यावर फार तीव्र वळते, आणि पुन्हापुन्हा वाकून तिचे तंतू तुटायला लागतात. त्यात प्रत्येक वापरानंतर उपकरण धुऊन १३४ अंश सेल्सिअसच्या वाफेत निर्जंतुक करायचं असतं. म्हणजे तेल-वंगणाचे नेहमीचे उपाय इथे चालत नाहीत, आणि जिथे रक्त अडकेल अशी फट ठेवता येत नाही. या चारही अडचणी एकाच वेळी सोडवणारी कप्प्यांची मांडणी कोणी शोधली असेल, तर तो शोधच आहे, मग त्यातली प्रत्येक कप्पी जुनी का असेना.

दुसरी खोल अडचण जोडलेपणाची. मनगट वाकलं की त्यावरून जबड्यांकडे जाणाऱ्या तारांची वाटही बदलते, म्हणजे सर्जनने सांगितलेलं नसताना जबडे सरकू पाहतात. यावर दोन रस्ते आहेत. एक, मोटरला संगणकाने उलटी भरपाई करायला सांगणं. दुसरा, मनगटाच्या अक्षावरून तारा अशा नेणं, किंवा डबीत अशी तरफ बसवणं, की भरपाई आपोआप व्हावी. दुसरा रस्ता शुद्ध यंत्रशास्त्राचा आहे आणि त्यात अतिशय देखणी कामं झाली आहेत. पहिल्या रस्त्यावरचा अर्ज मात्र यंत्रणेच्या नावाखाली आला तरी त्यातलं नवेपण गणितात आणि प्रोग्रॅममध्ये असू शकतं, आणि मग गणिती पद्धतीला किंवा नुसत्या संगणक-प्रोग्रॅमला पेटंट नाकारणाऱ्या कलम ३(के) चा प्रश्न उभा राहतो. नवेपण नेमकं कुठल्या तुकड्यात आहे हे परीक्षकाने शोधून लिहिलं, तर दोन्ही प्रकारच्या अर्जदारांना न्याय मिळेल.

म्हणूनच मला ठरावीक साच्यातले आक्षेपही पटत नाहीत. कलम ३(एफ) मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे आपापलं जुनंच काम करणाऱ्या ज्ञात साधनांची नुसती मांडणी वगळली आहे. पण मनगटातली तार, कप्पी आणि सांधा एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. एकाची जागा अर्धा मिलिमीटर हलली तर दुसऱ्याचं काम बदलतं. तिथे ३(एफ) लावून मोकळं होणं हा अर्जदारावर अन्याय आहे, आणि जनतेवरही, कारण असा कच्चा आक्षेप सुनावणीत सहज गळून पडतो आणि इन्व्हेंटिव्ह स्टेपचा खरा प्रश्न विचारायचाच राहून जातो. शस्त्रक्रियेच्या पद्धतीवर आपल्याकडे कलम ३(आय) मुळे पेटंट मिळत नाही. त्यामुळे या क्षेत्रातली सगळी मालकी उपकरणाच्या दाव्यांत येऊन साठते. यंत्रणेवरच्या दाव्याची रुंदी ही इथे सर्वांत मोठी गोष्ट आहे.

जुन्या ज्ञानाच्या शोधाविषयीही लिहायला हवं. पेटंटांची विषयवार खान्यांत विभागणी केलेली असते, आणि तारांवर चालणाऱ्या शस्त्रक्रिया-रोबोटांचं वर्गीकरण ए६१बी ३४/७१ या खान्यात होतं. शोध तिथेच सुरू होणार आणि बऱ्याचदा तिथेच संपण्याचा मोह होणार, कारण तेवढ्यातच कागदांचा ढीग निघतो. पण या यंत्रणांचे आजे-पणजे त्या खान्यात नाहीत. दोर-साखळ्यांनी चालणारे रोबोटचे हात बी२५जे मध्ये आहेत, गिअर आणि गती पोचवण्याच्या यंत्रणा एफ१६एच मध्ये, विंच आणि कॅप्स्टन बी६६डी मध्ये, सायकलचे ब्रेक बी६२एल मध्ये. कुशल व्यक्ती यंत्रज्ञ आहे असं एकदा अहवालात लिहिलं, की या खान्यांत डोकावणं आपोआप बंधनकारक होतं. आणि पेटंटांपलीकडची पाठ्यपुस्तकं, जुने प्रबंध, इंजिनिअरिंग कॉलेजांच्या लायब्ररीतली धूळ खात पडलेली मॅन्युअलं, हेही ज्ञानच आहे.

आता हे सगळं कोकणातून का लिहितो आहे ते सांगतो.

आमच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या एका गटाने प्रकल्प म्हणून तारेवर चालणारं मनगट करायला घेतलं होतं. पितळेच्या कप्प्या आमच्याच वर्कशॉपच्या लेथवर काढल्या होत्या. जबडे हलत होते, पकड बरी होती. मिरजोळे एमआयडीसीतल्या एका उद्योजकाने पुढच्या नमुन्यासाठी पैसे घालायची तयारी दाखवली. मग मुलांनी आपल्या कार्यालयाच्या इनपास संकेतस्थळावर शोध घेतला आणि एक प्रसिद्ध झालेला, अजून निर्णय न झालेला अर्ज त्यांच्या हाती लागला. त्याच्या पहिल्या दाव्यात एक चालक भाग, एक लवचीक भाग, एक कार्य करणारं टोक, आणि पहिल्याची हालचाल दुसऱ्याद्वारे तिसऱ्यापर्यंत पोचते, एवढंच होतं. कप्पी किती, तार कशी वळते, अडचण कोणती सुटली, काही नाही. उद्योजकाने वकिलाला विचारलं. कलम ११ए प्रमाणे पेटंट मंजूर झालं की हक्क प्रसिद्धीच्या तारखेपासून मोजला जातो, खटला मात्र मंजुरीनंतरच भरता येतो, असं त्याला सांगण्यात आलं. तो मागे सरला. मी त्याला दोष देत नाही, त्याच्या जागी कोणीही हेच केलं असतं. पण तो दावा त्या रुंदीने कधीच मंजूर होऊ नये असं मला वाटतं, आणि तसा आक्षेप पहिल्या परीक्षण अहवालातच ठळकपणे आला असता तर आमची मुलं थांबली नसती.

कलम १०(५) म्हणतं की दावे स्पष्ट, नेमके आणि विवरणात जे सांगितलं आहे त्यावर आधारलेले असावेत. कलम १०(४) म्हणतं की अर्जदाराला ठाऊक असलेली सर्वोत्तम रीत विवरणात उघड केली पाहिजे. यंत्रणेच्या अर्जात याचा अर्थ काय, हे आपण ठरवून द्यावं. ‘घर्षण कमी होते’, ‘तारेचे आयुष्य वाढते’, ‘ताण कायम राहतो’ असं अर्जात लिहिलेलं असतं. किती कमी, कशाच्या तुलनेत, किती वेळा वाकवून पाहिलं? तारेचा व्यास आणि कप्पीचा व्यास यांचं गुणोत्तर काय? सुरुवातीचा ताण किती न्यूटन? अर्जदाराला हे आकडे ठाऊक असतात, त्यांच्याशिवाय उपकरण बनतच नाही. ते मागितले, तर आर्थिक महत्त्व आणि तांत्रिक प्रगती हे शब्द मोजता येतील. आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर कुडाळच्या किंवा लोट्याच्या कारखान्यातला टर्नर ते विवरण वाचून तशी वस्तू घडवू शकेल. पेटंटच्या बदल्यात समाजाला मिळायचं ते हेच.

१९९० च्या दशकातल्या त्या मूळ अमेरिकी पेटंटांची मुदत केव्हाच संपली आहे. गुरुग्राममध्ये तयार झालेला मंत्र हा भारतीय शस्त्रक्रिया-रोबोट रुग्णालयांत पोचला आहे. म्हणजे दार उघडलेलं आहे. पण रोबोट एकदा विकत घ्यावा लागतो, अवजारं पुन्हापुन्हा. दा विंचीच्या बहुतेक अवजारांना सुरुवातीच्या पिढ्यांत दहा शस्त्रक्रियांची मर्यादा होती आणि ती आतली चिप मोजत असे. खर्चाचा झरा तिथे आहे, आणि त्या अवजारांच्या आतली यंत्रणाच मी ज्या अर्जांबद्दल लिहितो आहे त्यांचा विषय आहे. दापोली, देवगड, सावंतवाडीच्या माणसाला आजही मोठ्या शस्त्रक्रियेसाठी मुंबई, कोल्हापूर नाहीतर गोव्याचं बांबोळी गाठावं लागतं. रत्नागिरीत आणि सिंधुदुर्गात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली आहेत. तिथे उद्या असं यंत्र आलं, तर ते चालतं ठेवायला लागणारी अवजारं कोण बनवणार, किती जण बनवू शकणार, हे आज अँटॉप हिलमध्ये मंजूर होणाऱ्या दाव्यांच्या शब्दांवर अवलंबून आहे.

आपल्या कार्यालयाने कोकणासाठी चांगलं काम केलेलं आहे. वेंगुर्ल्याच्या काजूला आणि आमच्या हापूसला भौगोलिक मानांकन आपल्याच अधिपत्याखालच्या नोंदणी कार्यालयाने दिलं. शैक्षणिक संस्थांना २०२१ पासून शुल्कात ८० टक्के सवलत आहे, आणि आमच्यासारख्या कॉलेजांना तिचा खरा उपयोग आहे. कलम २५(१) खाली मंजुरीपूर्व विरोध कोणतीही व्यक्ती नोंदवू शकते, ही तर या कायद्यातली मला सर्वांत प्रिय तरतूद आहे. २०२४ च्या नियमांनी तिला शुल्क लावलं आणि विरोध प्रथमदर्शनी ग्राह्य आहे की नाही हे आधी तपासायचं ठरवलं. त्या तपासणीत, जुन्या पाठ्यपुस्तकातलं एक पान आणि एक समीकरण जोडून आलेला शिक्षकाचा किंवा फिटरचा अर्ज, पेटंटचा क्रमांक नाही म्हणून बाजूला पडू नये, एवढी काळजी आपण घ्यावी.

औषधांसाठी आपण २०१४ मध्ये परीक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं काढली, संगणकाशी निगडित शोधांसाठी २०१७ मध्ये. शस्त्रक्रिया-रोबोटांच्या यांत्रिक चालन-यंत्रणांसाठीही तशीच एक पुस्तिका काढावी. त्यात कुशल व्यक्ती कोण, शोध कुठल्या वर्गांत घ्यायचा, आकडे कोणते मागायचे, हे उदाहरणांसह असावं. ती लिहिण्याआधी परीक्षकांनी राज्यातल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये येऊन तार, कप्पी आणि रीळ हाताने जोडून पाहावं. आमच्या कॉलेजची प्रयोगशाळा आणि मुलांनी केलेलं ते मनगट दोन्ही त्यासाठी उपलब्ध आहेत. कार्यालयाचं काम नियमाप्रमाणे इंग्रजी किंवा हिंदीत चालतं हे मला माहीत आहे. तरी मसुदा हरकतींसाठी खुला कराल तेव्हा तो मराठीतही ठेवावा आणि सूचना मराठीतून घ्याव्यात. आमच्याकडचे टर्नर आणि विंच दुरुस्त करणारे मिस्त्री त्यावर बोलू शकतील, आणि त्यांच्या सूचना लिहून मुदतीत आपल्यापर्यंत पोचवण्याची जबाबदारी मी घेतो.

आपला विश्वासू,
यंत्रशास्त्राचा एक शिक्षक,
रत्नागिरी